मधली चिठ्ठी

साहेबांच्या खोलीत कुणालाही आकडा मोठ्याने बोलायची परवानगी नव्हती. आकडा लिहायचा, कागदाची घडी करायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. शेठ असोत, रंगखात्याचा मिस्त्री असो की पाण्याचे माठ भरणारी बाई असो, नियम एकच. एखाद्या नव्या माणसाने "मला वाटतं साहेब, पंधरा हजार..." अशी सुरुवात केली की ते हात वर करून त्याला थांबवत. "आधी लिहा, मग बोला." आणि तो आकडा ज्यांच्या ज्यांच्या कानावर पडला असेल, त्या सगळ्यांच्या त्या दिवशीच्या चिठ्ठ्या बाद करत.

ही खोली सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, साड्यांच्या एका कारखान्यात होती. शेठ मागावरून उतरलेलं कोरं कापड विकत घेत, ते छापत, काठाला जरीची पट्टी लावत आणि घडी घालून साड्या खानदेशातल्या व्यापाऱ्यांना पाठवत. कुठली साडी किती छापायची हे ठरवण्याच्या कामाला कारखान्यात 'प्लॅनिंग' म्हणत. साहेब या खात्याचे प्रमुख होते आणि मी त्यांचा एकुलता एक सहायक. नव्वदच्या दशकाच्या मधली चार वर्षं मी तिथे काढली. त्यानंतर वर्तमानपत्रात गेलो.

ते उंच होते आणि किंचित वाकून चालत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. पेन ते वापरत नसत. शाईने लिहिलेलं माणसाला खोडावंसं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कारखान्यात येण्यापूर्वी ते पुण्याला सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होते. ती पक्की नोकरी पंचेचाळिसाव्या वर्षी का सोडली, असं मी एकदाच विचारलं. "तिथे आधी बेरीज ठरायची, मग रकमा भरायच्या," एवढंच ते म्हणाले. त्यांची पत्नी उधन्याच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. त्या सांगत की घरातही पाहुणा जेवायला बसण्याआधी तो किती पोळ्या खाईल याच्या चिठ्ठ्या पडतात, आणि पाहुण्याला ते कळलं की तो दोन पोळ्यांवर उठतो.

चिठ्ठ्या साडीच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्याच्या कातरणांतून कापलेल्या असत. डबा भरला की ते सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत ओळीने मांडत. मग दोन्ही टोकांकडून एकेक मोजत आत येत आणि बरोबर मधल्या चिठ्ठीवर बोट ठेवत. तो कारखान्याचा अंदाज. सरासरी ते काढत नसत. "एकाने दहा लाख लिहिले की सरासरी पळत सुटते. मधली चिठ्ठी जागची हलत नाही." कामगार त्यांना चिठ्ठीवाले साहेब म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना गैर वाटत नसे.

खोलीबाहेर एक काळा फलक होता. हंगाम संपला की प्रत्येकाचा अंदाज, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या साड्या आणि दोन्हींतला फरक त्यावर खडूने लिहिला जाई. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं, दुसरं शेठचं. शेठचा फरक बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा असे. एका दिवाळीनंतर शेठ फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मारुं नाम काढी नाखो ने आमांथी."

"काढतो. मग चिठ्ठीही टाकू नका."

शेठनी थोडा विचार केला. "रहेवा दो," म्हणाले आणि निघून गेले. नाव राहिलं. पुढल्या हंगामात शेठचा फरक निम्म्यावर आला. आता ते आकडा लिहिण्याआधी गोदामात चक्कर मारून येत, हे मी पाहिलं होतं.

कारखान्याबाहेरही त्यांचा हा उद्योग चाले. घडीखात्याचे मुकादम सुकलाल नाना मूळचे शिरपूरकडचे, सुरतेतल्या लिंबायत वस्तीत राहणारे. त्यांच्या मुलीच्या हळदीला साहेब डबा घेऊनच मांडवात आले. आचारी, बँडवाला, भटजी, नवरीच्या आत्या, सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या: उद्या जेवायला किती माणसं येतील? नानांची बायको हातातली परात खाली ठेवत म्हणाली, "ही काय परीक्षा शे का? लगीन शे मनी पोरनं!" मधली चिठ्ठी चारशे वीसची निघाली. नानांनी मान डोलावली आणि आचाऱ्याला सहाशे सांगितले. लग्नाला चारशेच्या आसपास माणसं आली. पुढचे दोन दिवस सगळी गल्ली बुंदी खात होती. तिसऱ्या दिवशी नाना कामावर आले तेव्हा साहेबांनी काही विचारलं नाही. फलकावर मात्र एका कोपऱ्यात 'लग्न' असा शब्द आणि एक आकडा होता.

प्लेगच्या वर्षी शहर काही दिवसांत रिकामं झालं. कामगार मिळेल त्या गाडीने खानदेशात गेले आणि कारखाना बंद पडला. पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा शेठना एकच गोष्ट हवी होती: दिवाळीआधी किती माणसं परत येतील? त्यावर किती यंत्रं चालू करायची ते ठरणार होतं. साहेबांनी हजेरीपटावरून गावचे पत्ते काढले आणि जोडकार्डं, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली पोस्टकार्डं, मागवली. मी मजकूर लिहायला बसलो: 'आपण कामावर केव्हा रुजू होणार ते कळवावे.' त्यांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं: 'तुमच्या गावाहून सुरतेला आलेल्या दहा माणसांपैकी किती जण दिवाळीआधी परततील असं तुम्हाला वाटतं?'

मी कारण विचारलं. ते म्हणाले, "स्वतःबद्दल विचारलं की माणूस शोभेल ते लिहितो. शेजाऱ्याबद्दल विचारलं की दिसेल ते लिहितो."

मधलं कार्ड 'पाच'चं होतं. शेठनी निम्मी यंत्रं चालू केली आणि माणसंही जवळपास निम्मीच आली. शेजारच्या एका कारखान्याने सगळी यंत्रं चालू करून ठेवली होती. त्यांचा व्यवस्थापक रोज सकाळी आमच्या फाटकावर येऊन माणसं मागत असे. या प्रकारानंतर शेठचा चिठ्ठ्यांवर विश्वास बसला. पुढे जे झालं ते या विश्वासामुळेच.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या मुली माहेरी येतात आणि माहेरहून त्यांना साडी मिळते. आमच्या कारखान्याचा हा सगळ्यांत मोठा हंगाम. मरून रंगाची, जरीच्या काठाची एक साडी दोन वर्षं उत्तम खपली होती. तिसऱ्या वर्षी तिचे गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. व्यापाऱ्यांच्या पत्रांत कारण एकच: माल उठत नाही. आमच्या नोंदवहीत साडीचे तीन रकाने होते, डिझाइन, रंग आणि काठ. साहेबांनी तिन्ही रकाने उलटसुलट तपासले. त्याच डिझाइनच्या, त्याच रंगाच्या साड्या आधी खपल्या होत्या आणि आता खपत नव्हत्या. वहीत उत्तर नव्हतं.

चौथ्या वर्षी शिमग्याच्या आधी शेठ खोलीत आले आणि दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच होतो. शेठ म्हणाले, "मरून कितनी छापवानी, चिठ्ठीत येईल ते खरं. पण चालीस हजारच्या खाली आलं तर घडीखात्याची दुसरी पाळी बंद. दिवाळीपर्यंत."

दुसऱ्या पाळीत छत्तीस माणसं होती. जवळपास सगळी खानदेशची, बहुतेक नानांच्या ओळखीने लागलेली.

दोन दिवसांनी घडीखात्यात चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. संध्याकाळी साहेबांनी डबा टेबलावर उपडा केला आणि चिठ्ठ्या मांडायला सुरुवात केली. एरवी ही ओळ टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई. कुणी आठ हजार लिही, कुणी ऐंशी. त्या दिवशी एकसष्टपैकी पंचावन्न चिठ्ठ्या बेचाळीस आणि पंचेचाळीस हजारांच्या मध्ये होत्या. त्यांनी मधल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं नाही. मला म्हणाले, "चहा सांगा." कारखान्यात ते कधी चहा घेत नसत.

चहा आला. तो त्यांनी तसाच ठेवला. "एवढं एकमत म्हणजे कुणीतरी बोललंय. नानांना बोलवा."

नाना आले. टेबलावरची ओळ पाहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"नाना, आकडा कुणी सांगितला?"

"मी सांगितला."

"तुम्हाला चाळीसचं कुणी सांगितलं?"

नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कानावर आलं, साहेब. छत्तीस घरं आहेत माझ्या पाळीत. चाळीसच्या खाली लिहा, असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि नसतं सांगितलं तरी त्यांनी काय लिहिलं असतं? उद्या तुमच्या नोकरीची चिठ्ठी काढली न् तुम्हालाच पेन्सिल दिली, तर तुम्ही काय लिहाल?"

नाना गेल्यावर साहेबांनी उठून फलकावर स्वतःच्या नावापुढे लिहिलं: 'आखाजी. प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला.' मग चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरल्या आणि डबा कपाटात ठेवला.

नानांच्या कानावर ते मी घातलं होतं. ज्या दिवशी शेठ खोलीत आले, त्याच संध्याकाळी, घरी जाताना, रिक्षात. आकडा चाळीसच्या खालीच येईल आणि पाळी जाईल, असंही म्हणालो होतो. माझी खोलीही लिंबायतलाच होती आणि दुसऱ्या पाळीतले पाच जण माझ्या गल्लीत राहत. साहेबांसमोर मी गप्प राहिलो.

चिठ्ठ्या मांडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब शेठकडे गेले आणि सांगितलं की आलेला आकडा खोटा आहे, चूक आपली आहे, आठ दिवस द्या. त्रेचाळीस हजारांचा आकडा पुढे केला असता तर शेठनी तो मुकाट्याने मान्य केला असता, पाळी चालू राहिली असती आणि परत आलेल्या गठ्ठ्यांचा जाब पुढच्या वर्षी कुणीतरी दिला असता. हे त्यांना कळत होतं. मलाही. त्या आठ दिवसांत नाना त्यांच्याशी बोलले नाहीत. पाळीतले लोक फाटकातून आत येताना खोलीकडे पाहत आणि मान वळवत.

काठाला जरीची पट्टी लावल्यावर साडीला बारीक दोरे सुटतात. ते कापायला साड्या टेम्पोने लिंबायतला घरोघरी जात. तिथल्या बायका, बहुतेक खानदेशातल्याच, घरकाम आटोपून उंबऱ्यावर बसून दोरे कापत. त्यांचं काम आमच्या मरून साडीवर अवलंबून नव्हतं. पाच-सहा कारखान्यांचा माल त्यांच्याकडे येई. साहेब टेम्पोत बसून तिथे गेले. मला बरोबर घेतलं.

अडचण पहिल्याच घरी आली. अर्ध्याहून अधिक बायकांना लिहिता येत नव्हतं, आणि आकडा बोलायचा नाही हा नियम तर मोडायचा नव्हता. ते ओट्यावर उभे राहून विचार करत होते. समोर कापलेल्या दोऱ्यांचा ढीग पडला होता. त्यांनी एकेकीला वीतभर दोरा दिला. प्रश्न जोडकार्डाच्या धर्तीचा होता: तुमच्या माहेरच्या गल्लीत आखाजीला दहा घरांत ही साडी किती घरं घेतील? जितकी घरं, तितक्या गाठी मारायच्या. एकमेकींना दाखवायचं नाही. बायका हसत पदराआड गाठी मारू लागल्या.

कमलबाई नावाच्या एका बाईने दोरा तसाच परत दिला. गाठ एकही नाही.

"एकही घर नाही? का?" साहेबांनी विचारलं. नंतर आठवलं तेव्हा लक्षात आलं, उत्तर आल्यावर त्यांनी कारण विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"रंग चांगला शे, भाऊ. काठ चांगला शे. पण डोकावर पदर लिधा की पाठ उघडी पडस. सासरासमोर कसं जावानं?" तिने मांडीवरची साडी झटकून उभं राहत अंगावरच्या साडीवरूनच गुंडाळून खांद्यावरून घेतली आणि पदर डोक्यावर ओढून दाखवला. पदर कानापाशीच संपत होता. "आधली पुरत होती. ही नही पुरस."

शेजारची म्हणाली, "दुकानात उघडू देतस का? वरथून काठ देखाडतस न् बांधी देतस. घर ईसन कळस. मंग दुसऱ्या साली कोन लेई?"

साहेब खाली बसले. "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कोन्ही इचारं का?" कमलबाई म्हणाली.

कारखान्यात परत आल्यावर कापखात्यात जाऊन साहेबांनी गेल्या वर्षीची आणि त्याआधीची अशा दोन साड्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. नवी साडी वीतभर आखूड होती. कापड वाचवायला शेठनीच लांबी कमी करायला सांगितलं होतं. सुरतेतल्या घरांत डोक्यावर पदर घेण्याची सक्ती उरली नव्हती, त्यामुळे कारखान्यातल्या कुणाच्याही घरी ती आखूड वाटली नाही. कापखात्याला लांबी माहीत होती, पण नोंदवहीत लांबीचा रकाना नव्हता. साहेबांनी पेन्सिलीने चौथा रकाना आखला. त्यापुढे पाचवाही आखला आणि त्याला नाव दिलं नाही.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"जे अजून कुणाला विचारलं नाही त्याचा."

लांबी पूर्ववत केली तर किती घरं घेतील, यासाठी पुन्हा गाठी मारून घेतल्या. मधल्या दोऱ्यावरून हिशेब बसवला तेव्हा आकडा निघाला एकतीस हजार. शेठनी तो ऐकला.

"एकत्रीस. चालीसथी ओछुं."

"हो."

"तो पाळी बंद."

"आधी ही घडी बघा." साहेबांनी पिशवीतून एक साडी काढली. पदर वर येईल अशी तिची घडी होती. सगळी साडी न मोडता गिऱ्हाइकाला पदर सोडून डोक्यावर घेऊन पाहता येईल, अशी. ती नानांनी घातली होती. आठ दिवसांत साहेबांनी नानांशी केलेलं पहिलं बोलणं म्हणजे 'अशी घडी बसेल का?' एवढंच होतं, आणि नानांनी उत्तर न देता घडी घालायला घेतली होती. "याला जुन्या घडीच्या दीडपट वेळ लागतो. एकतीसला दीडपट करा, घडीखात्याला चाळीस हजारांच्या वरचं काम होतं."

शेठ हसले. "आ टाइमनी चिठ्ठी लीधी?"

"नाही. घड्याळ लावलं. जे मोजता येतं त्याची चिठ्ठी घ्यायची नसते."

"पण साहेब, एक वेंत कपडा बहुत होता है."

"गोदामात परत आलेल्या गठ्ठ्यांत किती वीत कापड पडलंय, तेही मोजून देतो."

शेठनी हातानेच नको म्हटलं.

त्या आखाजीला साड्या पूर्ण लांबीच्या आणि पदर वर ठेवून गेल्या. अठ्ठावीस हजारांच्या वर विकल्या. एकतीस झाल्या नाहीत. फलकावर साहेबांच्या नावापुढे तो फरकही चढला. आखाजीनंतर दुसरी पाळी तीन आठवडे बंद राहिली, मग पुन्हा सुरू झाली. नाना साहेबांशी बोलायला लागले, पण पूर्वीसारखी थट्टा करायला त्यांना आणखी एक दिवाळी लागली.

दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी हिशेब आटोपून त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की चाळीसचा आकडा नानांना मी सांगितला होता.

ते चिठ्ठ्या कापत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. खोलीत तिघं होतो. शेठ सांगणार नाहीत, मी सांगितलं नाही. त्याला डबा लागत नाही."

"मग तेव्हा विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असता. तुमचीही नोकरी होती."

"फलकावर तरी लिहायचं."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "फलक चुकलेल्या अंदाजांचा आहे. तुम्ही नानांना काय सांगितलंत? की चाळीसच्या खाली येईल आणि पाळी जाईल. आला ना एकतीस? तुमचा अंदाज बरोबर होता. घडी बदलली म्हणून पाळी राहिली."

त्यांनी एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्यासमोर सरकवली. पुढच्या आखाजीला पिवळ्या साड्या किती जातील, असा त्या दिवशीचा प्रश्न होता. मी आकडा लिहिला, घडी केली आणि कुणाला न सांगता डब्यात टाकली.